टनांचें गणित आणि उतारूची जागा

लासलगावच्या बाजारांत कांदा लिलावास येतो तेव्हां व्यापारी प्रथम त्याचा आकार पाहतो. मोठा कांदा निराळा, गोल्टी निराळी. दोहोंचा भाव एक नसतो. येथील पुष्कळसा माल पुढें मुंबईलगतच्या बंदरांतून परदेशीं जातो, आणि ज्या जहाजावर तो चढतो त्या जहाजाचीही अशीच वर्गवारी झालेली असते. मात्र कांद्याचा आकार डोळ्यांना दिसतो, जहाजाचा तसा दिसत नाहीं. अमुक उतारू-जहाज पन्नास हजार टनांचें आहे असें वाचलें कीं बहुतेक लोक तें त्याचें वजन समजतात. तो समज चुकीचा आहे.

आपल्या किनाऱ्यावर ही वर्गवारी नवी नव्हे. मराठ्यांच्या आरमारांत गुराबा, गलबतें, तारवें, शिबाडें, मचवे अशीं नांवें होतीं आणि प्रत्येक नांवामागें निराळी बांधणी होती. अठराव्या शतकांतील इंग्रज इतिहासकार रॉबर्ट ऑर्म यानें आंग्र्यांच्या जहाजांचें बारीक वर्णन करून ठेविलें आहे. गुराबेस बहुधा दोन डोलकाठ्या असत, क्वचित् तीन. दोन काठ्यांची गुराब दीडशें टनांवर जात नसे. तीन काठ्यांची तीनशें टनांपर्यंत असे. तिची नाळ पुढें लांब निघालेली असे आणि त्या नाळेवरून मारा करण्यासाठीं दोन तोफा समोर तोंड करून ठेवीत. गलबत त्याहून लहान, बहुधा सत्तर टनांच्या आंतलें. पण चाळीस-पन्नास वल्हीं लावलीं म्हणजे वारा पडला असतांही तें ताशीं चार मैल चाले, आणि निश्चल पडलेल्या गुराबेस ओढून शत्रूपर्यंत नेई. म्हणजे येथें आकार ठरला तो कामावरून. फेब्रुवारी १७५६ मध्यें तुळाजी आंग्र्यांचें हें आरमार विजयदुर्गाखालीं जळून खाक झालें, आणि त्याबरोबर ती बांधणीही हळूहळू मागें पडली.

व्यापारी गलबताचा आकार मात्र खंडींत सांगत. खंडी म्हणजे वीस मण. गलबताच्या पोटांत माल किती मावेल याचें तें माप. युरोपांतही प्रकार तोच. टन हा शब्द मुळीं दारूच्या मोठ्या पिंपाच्या नांवावरून आला, आणि जहाजांत पिंपें किती राहतील यावरून कर बसे. पुढें १८५४ च्या इंग्लंडच्या कायद्यान्वयें शंभर घनफूट बंदिस्त जागा म्हणजे एक टन, अशी पद्धति रूढ झाली. १९८२ पासून आंतरराष्ट्रीय करारानें हिशेबाचें सूत्र बदललें. तरी मोजतात ती जागाच, वजन नव्हे.

अशा मापांचें कोष्टक एकदां झालें म्हणजे माणसें जहाजाकडे न पाहतां कोष्टकाकडेच पाहूं लागतात. १८९४ च्या सुमारास ब्रिटिश व्यापारखात्यानें कोणत्या जहाजावर किती जीवरक्षक होड्या असाव्या तें टनांवरून ठरवून दिलें. त्यांतला शेवटचा वर्ग दहा हजार टन व त्यावरील जहाजांचा. त्यास सोळा होड्या पुरेत. त्या वेळीं तें ठीकच असेल. पण १९१२ मध्यें टायटॅनिक निघालें तें ४६,३२८ टनांचें, आणि नियम तोच राहिला होता. वीस होड्या होत्या, म्हणजे नियमाहून चार अधिकच. त्यांत ११७८ माणसांची सोय होती. बोटीवर माणसें होतीं सुमारें बावीसशें. पंधराशें बुडालीं.

टनांबरोबर आंतील रचनाही माणसाचें भवितव्य ठरवीत असे. विलायतेच्या टपाल-बोटींवर पहिला वर्ग मध्यभागीं, जेथें हेलकावा कमी तेथें. इतरांनीं टोंकांकडे किंवा खालीं राहावें. खालच्या मजल्यांवर उजेडास गोल खिडक्या, एक माणूस कसाबसा बाहेर पडेल एवढ्या. मोरिया बोटीच्या अशाच एका खिडकींतून ८ जुलै १९१० रोजीं मार्सेलिस बंदरांत सावरकरांनीं उडी घेतली. २९ ऑगस्ट १९३१ रोजीं महात्मा गांधी मुंबईहून राजपुताना बोटीनें गोलमेज परिषदेस निघाले ते दुसऱ्या वर्गाचे उतारू म्हणून, आणि खोलीपेक्षां उघड्या डेकवरच त्यांनीं आपलें बिऱ्हाड मांडलें.

कोंकणच्या आगबोटींत इतके वर्गभेद करण्यास जागाच नव्हती. वरचा डेक आणि खालचा डेक. ज्यानें आधीं वळकटी टाकली त्याची जागा. बहुतेक बंदरांत बोट दूर उभी राही आणि उतारू पडावांतून नेत. बोट लागणें हा शब्दप्रयोग याच प्रवासानें घरोघरीं पोंचविला. एखाद्या बोटीची रचना ऐटबाज असे, नाहीं असें नाहीं. १८८५ मध्यें बांधलेली शेफर्ड कंपनीची वैतरणा तीन मजल्यांची, पंचवीस खोल्यांची होती, आणि तिजवरील विजेच्या दिव्यांमुळें लोक तिला ‘वीजळी’ म्हणत. नोव्हेंबर १८८८ मध्यें मांडवीहून मुंबईस येतांना ती सातशेंहून अधिक माणसांसह काठेवाडच्या किनाऱ्याजवळ नाहींशी झाली.

विमानांनीं टपाल-बोटींचा धंदा संपविल्यावर जहाज हें वाहन न राहतां स्वतःच मुक्काम झालें, आणि क्रूझ नांवाचा वर्ग मोठा झाला. १९८४ मध्यें रॉयल प्रिन्सेस या जहाजांत सर्व खोल्या बाहेरच्या बाजूस ठेविल्या. तेव्हांपासून सज्जा ही ऐपतीची खूण ठरली. १९८८ चें सॉव्हरिन ऑफ द सीज ७३,१९२ टनांचें, त्यांत पांच मजल्यांएवढा उंच चौक. १९९६ मध्यें एक लाखाची मर्यादा ओलांडली गेली. २००९ मध्यें ओअॅसिस ऑफ द सीज सव्वादोन लाख टनांचें झालें. त्याचें पोट मधोमध फोडून वर आकाश उघडें ठेविलें व त्यांत खरीं झाडें लाविलीं, म्हणजे आंतल्या खोलीलाही सज्जा मिळाला! २०२४ च्या आयकॉन ऑफ द सीजचे वीस मजले आणि २,४८,६६३ टन आहेत. मुंबईहून २०२१ मध्यें एम्प्रेस हें ४८,५६३ टनांचें जहाज सहली करूं लागलें. टायटॅनिकहून तें मोठें, तरी आजच्या वर्गवारींत मध्यमांतच मोडतें.

जाणते प्रवासी मात्र नुसत्या टनांवर विश्वास ठेवीत नाहींत. टनांस उतारूंच्या संख्येनें भागावें, म्हणजे माणशीं जागा किती तें कळतें. आयकॉनवर दर खोलींत दोन याप्रमाणें ५६१० उतारू धरले तर हा भागाकार चव्वेचाळीस येतो.

हाच भागाकार रामदास बोटीस लावून पाहावा. ती १९३६ मध्यें बांधलेली, १७९ फूट लांब, २९ फूट रुंद, ४०६ टनांची. १७ जुलै १९४७ रोजीं सकाळीं भाऊच्या धक्क्यावरून ती रेवसकडे निघाली तेव्हां तिजवर सुमारें सातशें माणसें होतीं. आषाढ अमावास्येच्या सणाला घरीं जाणारे कामगार पुष्कळ होते. यंत्रें आणि भट्ट्या धरूनही माणशीं अर्धा टन, फार तर किंचित् अधिक. ऐन पावसाळ्यांत काशाच्या खडकाजवळ एका बाजूनें लाट शिरतांच माणसें दुसऱ्या बाजूस धांवलीं, आणि अरुंद बोटीचा तोल गेला तो सांवरला नाहीं. वीस वर्षांपूर्वी, नोव्हेंबर १९२७ मध्यें, याच परिसरांत जयंती आणि तुकाराम या दोन बोटी गेल्या होत्या. रामदासवरील सहाशेंहून अधिक माणसें बुडालीं. जीं वांचलीं त्यांतील कित्येकांना रेवसकडून मासळी घेऊन मुंबईस येणाऱ्या कोळ्यांनीं वर ओढलें; होड्यांत जागा व्हावी म्हणून भरलेली मासळी त्यांनीं समुद्रांत फेंकून दिली.