डचांची वखार, आपले चिरे

वेंगुर्ल्यात कुणालाही विचारा, 'डचांची वखार खंय?' माणूस बोट दाखवील आणि वर म्हणेल, 'काय नाय थंय, नुसते चिरे.' हे 'काय नाय' ऐकलं की मला राहवत नाही.

1638 च्या सुमाराची गोष्ट. डचांना पोर्तुगीजांचा गोवा समुद्रातून कोंडायचा होता. पाऊस सरला की त्यांची जहाजं गोव्याच्या तोंडाशी जाऊन बसत. वर्षातले आठ-आठ महिने पाण्यात काढायचे, तर खायचं काय, प्यायचं काय? गोव्याच्या उत्तरेला हाकेवर वेंगुर्ल्याचं बंदर. इथे त्यांनी ठाणं मांडलं, पुढे तटबंदीची दुमजली वखार उभी केली.

त्या शतकातले परदेशी प्रवासी गावाला 'मिंग्रेला' म्हणत. बटाव्हिया, बंगाल, सिलोनकडून सुरत, होर्मुझ, बसऱ्याला निघालेली डच जहाजं इथे थांबत. कशासाठी? सोनंनाणं नव्हे. उत्तम तांदूळ, सरपण आणि गोडं पाणी!

आता सांगा, ही वखार नुसती डचांची कशी? तांदूळ इथल्या कुणग्यांतला, पाणी इथल्या भुईचं. जांभ्याचा चिरा काही हॉलंडातून आला नव्हता. खाणीतून काढताना मऊ, वारं लागलं की टणक होणारा हा दगड आपल्याच मातीचा.

गावाने सोसलंही पुष्कळ. 1664 मध्ये शिवाजी महाराजांच्या फौजेने बंड मोडताना गाव जाळलं, 1675 मध्ये मोगलांनी पुन्हा जाळलं. 1696 मध्ये खेम सावंत डच प्रमुखाच्या भेटीच्या निमित्ताने आत शिरले आणि वखार लुटली. 1812 मध्ये बंदर सावंतवाडीकडून इंग्रजांकडे गेलं. पुढे रामघाटाने बेळगावचा माल इथे उतरायचा. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी रेल्वे मुरगावला पोचली आणि तो माल तिकडे वळला.

आगीतून, लुटीतून वाचलेल्या भिंती मोडल्या त्या पावसाने. छप्पर गेलं की भिंतीच्या माथ्यावरून पाणी आत मुरतं, सांध्यातला चुना धुऊन जातो. मग पाखरांनी टाकलेलं वडा-पिंपळाचं बी त्या फटीत रुजतं. मुळं जाड होतात तसे चिरे सुटतात. झाड उपटावं तर भिंत पडते, ठेवावं तरी पडते. म्हणून रोप बोटाएवढं आहे तेव्हाच काढायचं असतं. कोकणातलं जुनं घर सांभाळलेल्या प्रत्येकाला हे ठाऊक आहे.

वखार सरकारदरबारी संरक्षित स्मारक आहे. पण नुसत्या पाटीने पाऊस थांबत नाही. दर पावसाळ्याआधी आपण आपली घरं शाकारतो, कारण ती आपली असतात. वखार मात्र 'डचांची' म्हटली की आपण मोकळे! डच तर कधीच गेले. मागे राहिले चिरे, आणि ते आपले आहेत. पुढल्या खेपेला कुणी वाट विचारली, तर निदान 'काय नाय' म्हणू नका.