मुंबईचे बावन्न आणि अहमदाबादचे चव्वेचाळीस : दोन गिरणी-शहरांतला जगण्याचा खर्च

सुरुवात एका साध्या प्रश्नापासून करू. एका श्रोत्यांनी मध्यंतरी आम्हाला विचारलं होतं, "मुलाला पुण्यात सत्तर हजार मिळतायत आणि मुंबईत लाख देतायत, तर जावं की नाही?" आम्ही इतिहासवाले, असल्या प्रश्नाला काय उत्तर देणार? पण घरी गेल्यावर लक्षात आलं की हाच प्रश्न शंभर वर्षांपूर्वी आपल्याच इलाख्यात सरकारी पातळीवर विचारला गेला होता. त्याच्यावरून पगार ठरले, संप झाले. तेव्हाची शहरं होती मुंबई आणि अहमदाबाद. आज त्या दोन शहरांबद्दल बोलू.

दोन्ही शहरं कापडाची. मुंबईत कावसजी दावर यांनी 1854 मध्ये गिरणी काढली, अहमदाबादेत रणछोडलाल छोटालाल यांची गिरणी 1861 मध्ये सुरू झाली. आकारात मात्र मोठा फरक. 1921 च्या खानेसुमारीत मुंबईची वस्ती पावणेबारा लाखांच्या घरात होती, अहमदाबादची पावणेतीन लाखांच्या घरात. मुंबईचा कामगार बाहेरून आलेला. रत्नागिरी, सातारा, कुलाबा, पुणे, घाटावरचे जिल्हे. एकट्या रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेले दोन लाखांहून जास्त लोक तेव्हा मुंबईत होते. अहमदाबादचा कामगार बराचसा गुजरातचाच, आजूबाजूच्या तालुक्यांतला किंवा शहरातला. हा फरक ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

पहिलं महायुद्ध आलं आणि धान्य, कापड, रॉकेल सगळं कडाडलं. 1914 ची किंमत 100 धरली तर 1920 च्या अखेरीस मुंबईतल्या कामगाराचा खर्च जवळजवळ दुप्पट झाला होता. पगार तितके वाढले नव्हते. अहमदाबादेत 1917 मध्ये प्लेगची साथ आली, कामगार शहर सोडून पळू नयेत म्हणून मालकांनी त्यांना प्लेग बोनस दिला, आणि साथ ओसरल्यावर तो काढून घेतला. त्यातून 1918 चा प्रसिद्ध संप झाला. कामगारांना हवी होती 35 टक्के वाढ, मालक देत होते 20. गांधीजींनी उपोषण केलं, प्रकरण लवादाकडे गेलं. तिथून पुढे 'किती महागाई झाली' हा आकडा दोन्ही बाजूंना हवाहवासा वाटू लागला. पण तो मोजणार कोण?

1921 मध्ये मुंबई सरकारनं लेबर ऑफिस काढलं. 'लेबर गॅझेट' त्याच वर्षी सुरू झालं. ते गॅझेट आज वाचायला घेतलं तर रुक्ष वाटतं, कोष्टकांमागून कोष्टकं. पण त्यात माणसं दडलेली आहेत. फिंडले शिरास हे त्या ऑफिसचे संचालक. त्यांनी 1921-22 मध्ये चाळीचाळींतून तपासनीस पाठवले आणि 2,473 कुटुंबांचे व 603 एकट्या पुरुषांचे जमाखर्च गोळा केले. अहवाल 1923 ला निघाला. तसंच काम अहमदाबादेत 1926 मध्ये झालं.

आता आकडे. मुंबईतल्या गिरणी-कामगार कुटुंबाची महिन्याची सरासरी मिळकत आली 52 रुपये आणि काही आणे. अहमदाबादची 44 रुपये आणि काही आणे. झालं! मालक लोक म्हणायला मोकळे, की मुंबईचा कामगार आठ रुपयांनी सुखी आहे. आणि मुंबईचे मालक असंही म्हणायचे, की आम्ही अहमदाबादपेक्षा जास्त पगार देतो, म्हणून स्पर्धेत मार खातो, म्हणून कपात करू द्या.

इथे जरा थांबू. पहिली गोष्ट, हे दोन आकडे एका वर्षाचे नाहीत. मधल्या चार वर्षांत भाव खाली आले होते. अहमदाबादेत तर 1923 मध्ये मजुरीतच कपात झाली होती, पंधरा टक्क्यांच्या वर. म्हणजे बावन्न आणि चव्वेचाळीस शेजारीशेजारी लिहिणं हीच मुळात लबाडी, कळत असो की नकळत.

दुसरी गोष्ट थोडी तांत्रिक आहे, पण सोडून चालणार नाही. महागाईचा निर्देशांक म्हणतो आपण, तो एका शहरातला बदल सांगतो. मुंबईचा पाया होता जुलै 1914. अहमदाबादचा पाया ऑगस्ट 1926 ते जुलै 1927. दोन्हीकडे पायाची किंमत 100. मग मुंबईचा आकडा अमुक आणि अहमदाबादचा तमुक, म्हणून मुंबई महाग, असं म्हणता येईल का? अजिबात नाही. दोन मुलांची उंची गेल्या वाढदिवसापासून किती वाढली हे सांगितल्यानं उंच कोण ते कळत नाही. ही चूक त्या वेळच्या वर्तमानपत्रांपुरती नाही हो, आजही शिकलेले लोक करतात.

तिसरी गोष्ट, टोपली. मुंबईच्या टोपलीत कोकणी माणसाचा तांदूळ मोठा, अहमदाबादच्या टोपलीत गहू-बाजरी. मुंबईच्या जुन्या निर्देशांकात अन्न, जळण-दिवाबत्ती, कपडे आणि भाडं एवढंच होतं. किरकोळ खर्च नव्हताच. म्हणजे केस कापणं, पानसुपारी, गावी जाण्याचं बोटीचं भाडं, दारू, औषध आणि सर्वांत मुख्य म्हणजे सावकाराचं व्याज, हे काही मोजलंच जात नव्हतं. शिरास यांच्याच अहवालात या किरकोळ खर्चाचा वाटा साडेअठरा टक्के निघाला. खर्चाचा जवळजवळ पाचवा हिस्सा महागाईच्या मापाबाहेर!

आता भाड्याकडे येऊ. आपल्याला वाटतं मुंबई म्हणजे भाडं जास्त. अहवाल उलटं सांगतो. मुंबईच्या कुटुंबाचा भाड्यावरचा खर्च 7.7 टक्के, अहमदाबादच्या कुटुंबाचा 11.7 टक्के. रुपयांत बोलायचं तर दोन्हीकडे चार-साडेचारच्या आसपास. मुंबई स्वस्त होती का? मुंबईत 1918 पासून भाडेनियंत्रणाचा कायदा होता हे एक कारण. दुसरं कारण असं, की चार रुपयांत मिळायचं काय ते पाहा. शिरास यांना मुंबईत 97 टक्के कामगार कुटुंबं एका खोलीत राहताना आढळली. अहमदाबादेत हे प्रमाण 73 टक्के होतं. म्हणजे अहमदाबादच्या शंभरातल्या सत्तावीस घरांना दुसरी खोली होती, मुंबईत तिघांना. मुंबईचा माणूस कमी भाडं भरत नव्हता, कमी जागा विकत घेत होता.

अहमदाबादचं फार कौतुकही नको. तिथल्या चाळी बहुतेक बैठ्या, पण अनेक ठिकाणी गटार नाही, संडास नाही, पाणी लांबून आणायचं. रॉयल कमिशननं 1931 च्या अहवालात अहमदाबादच्या कामगार वस्त्यांवर कडक ताशेरे मारले आहेत. पण बैठ्या चाळीत दाराबाहेर खाट टाकता येते. परळच्या चार मजली चाळीत तिसऱ्या मजल्यावरच्या बाईनं खाट टाकायची कुठे?

या ठिकाणी एका डॉक्टर बाईंचं नाव घेतलं पाहिजे. डॉ. बार्न्स. गिरणीत काम करणाऱ्या बायकांच्या बाळंतपणाची पाहणी करायला सरकारनं त्यांना नेमलं होतं, आणि त्यांची टिपणं 1922 च्या गॅझेटात आली. एका चाळीत दुसऱ्या मजल्यावर 15 फूट बाय 12 फुटांची खोली त्यांनी पाहिली. खोलीत सहा चुली. सहा चुली म्हणजे सहा कुटुंबं. मोठी माणसं आणि मुलं मिळून तीस जण. त्यांतल्या सहा बायकांपैकी तिघी लवकरच बाळंत व्हायच्या होत्या. आडोसा कसा करणार असं विचारल्यावर त्यांना तीन फूट बाय चार फुटांचा पडदा लावलेला एक कोपरा दाखवला गेला. हिशोब करा, 180 चौरस फूट भागिले तीस. माणशी सहा चौरस फूट.

आणि त्याच काळचं दुसरं कोष्टक. 1921 मध्ये मुंबईत हजार जन्मांमागे वर्षाच्या आत दगावणारी मुलं, खोल्यांच्या संख्येप्रमाणे. एका खोलीत राहणाऱ्यांमध्ये 828. दोन खोल्यांत 322. तीन खोल्यांत 191. चार किंवा जास्त खोल्यांत 133.

हे कोष्टक आम्ही पहिल्यांदा पाहिलं तेव्हा छपाईची चूक वाटली होती. चूक नाही, पण एक गोम आहे. कोकणातली, घाटावरची बाई बाळंतपणाला माहेरी जाते. मूल जन्मतं संगमेश्वरला, नोंद तिथे. दोन-तीन महिन्यांनी ती मुलाला घेऊन परळला येते, आणि मूल दगावलं तर मृत्यूची नोंद मुंबईत. त्यामुळे मुंबईचे जन्म कमी दिसतात, मृत्यू पुरे दिसतात, आणि दर फुगतो. तेव्हाच्या जाणकारांनी हे लिहूनही ठेवलं आहे. तरीसुद्धा, 828 चा आकडा खूप खाली ओढला तरी तो 133 जवळ येतो का? आम्हाला नाही वाटत. शिवाय ती नोंदीची गोम स्वतःच एक गोष्ट सांगते. मुंबईत मूल जन्माला घालण्याजोगी जागा नव्हती, म्हणून बाई गावी जात होती. शहराच्या खर्चाचा एक भाग गाव सोसत होतं. आजारपण गावी, म्हातारपण गावी, संपात उपासमार झाली की बायकापोरं गावी. तो खर्च कुठल्याच वहीत नाही. अहमदाबादच्या कामगाराला तो शहरातच भागवावा लागे.

कदाचित म्हणूनच कर्जाचे आकडे असे आहेत. मुंबईत 47 टक्के कुटुंबं कर्जात, अहमदाबादेत 69 टक्के. याचा अर्थ अहमदाबादचा कामगार अधिक गरीब असा लावता येईल, किंवा तो शहरात मुरलेला म्हणून त्याला वाणी-सराफ उधार देत होते असाही लावता येईल. आमचा कल दुसऱ्या अर्थाकडे आहे, पण भांडण असेल तर करू. व्याज मात्र निर्विवाद. मुंबईत रुपयाला महिन्याला एक आणा हा नेहमीचा दर. सोळा आण्यांना बारा आणे, म्हणजे साल 75 टक्के.

खाण्याचं एका वाक्यात सांगतो, कारण ते फार गाजलं. शिरास यांनी लिहिलं की मुंबईच्या कामगाराला मिळणारं अन्न तुरुंगाच्या नियमावलीत कैद्याला ठरवून दिलेल्या शिध्यापेक्षा कमी आहे. सरकारी अधिकाऱ्यानं, सरकारी अहवालात!

मग या सगळ्या मोजदादीचं झालं काय? मुंबईत सरकारनं 1920 च्या दशकात कापसाच्या गाठीमागे एक रुपया पट्टी बसवून बीडीडीच्या 207 चाळी बांधल्या: नायगाव, वरळी, डिलाईल रोड, शिवडी. सोळा हजारांवर खोल्या. पुन्हा एकेक खोलीच. आणि वरळीतल्या कित्येक खोल्या सुरुवातीला रिकाम्या पडल्या, कारण गिरणीपासून लांब, आणि आसपास ना बाजार ना धड वाट. पगाराचं भांडण चालूच राहिलं. 1925 मध्ये मुंबईच्या मालकांनी साडेअकरा टक्के कपात जाहीर केली आणि मोठा संप झाला. सरकारनं डिसेंबरात कापडावरची अबकारी जकात थांबवली तेव्हा तो मिटला.

अहमदाबादेत मजूर महाजननं वेगळा रस्ता धरला. 1923 ची कपात परत द्या, अशी मागणी त्यांनी लवादापुढे नेली, आणि पुराव्याला लेबर ऑफिसच्याच जमाखर्चाच्या वह्या आणल्या. मुंबईत किती देतात हा त्यांचा मुख्य मुद्दाच नव्हता. त्यांचा सवाल होता, या कुटुंबाला धड जगायला किती लागतात आणि हातात किती पडतात. सरपंच दिवाणबहादूर कृष्णलाल झवेरी यांनी 1929 च्या अखेरीस निवाडा दिला. कपात पूर्ण परत मिळाली नाही, काही अंशी मिळाली. पण मजुरी जगायला अपुरी असेल तर ती वाढवायला ते एक कारण ठरतं, हे त्यांनी मान्य केलं.

त्या निवाड्यातली मालकांची बाजूही वाचण्यासारखी आहे. ती पुढच्या वेळी घेऊ. आता प्रश्न असतील तर विचारा.