बऱ्हाणपूरचा भूमिगत जलठेवा

बऱ्हाणपूर म्हटले की मराठी वाचकास १६३१ साली तेथे झालेला मुमताजमहलचा मृत्यू आठवतो, नाही तर १६८१ सालची मराठ्यांची स्वारी आठवते. परंतु ज्या शहरात बादशाही लष्करे महिनोन्‌महिने तळ देऊन राहत, त्या शहराची तहान कशी भागत असे, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. तापी जवळच होती, हे खरे. पण नदीचे पाणी शत्रू विषारी करील ही भीतीही होती, असे परंपरा सांगते.

जहांगीराच्या कारकीर्दीत, १६१५ च्या सुमारास, अब्दुल रहीम खानखानाने या प्रश्नाचे उत्तर शोधले. दोह्यांमुळे घरोघरी पोहोचलेला कवी रहीम तो हाच. सातपुड्यावर पडलेला पाऊस जमिनीत मुरतो आणि भूगर्भातून हळूहळू तापीकडे सरकतो. हे सरकते पाणी वाटेतच अडवावे, अशी ही योजना होती. डोंगर आणि शहर यांच्या दरम्यान विहिरींसारख्या उभ्या कुंड्या ओळीने खोदण्यात आल्या व त्या तळाशी भुयाराने जोडण्यात आल्या. कुंडी भंडाऱ्यात अशा शंभरांहून अधिक कुंड्या आहेत. जमिनीला उतार असल्याने मोट वा रहाट न लावता पाणी आपोआप शहराकडे वाहत असे. इराणातील कनातांची ही विद्या होय. योजकाचे नाव ‘तबकुतुल अर्ज’ असे सांगतात. त्या शब्दांचा अर्थच ‘भूमीचे थर’ असा होतो. औरंगाबादेत मलिक अंबरानेही अशीच नहर बांधली.

योगायोग असा की, पाणथळ जागांच्या रक्षणाचा जागतिक करार १९७१ साली इराणातीलच रामसर येथे झाला. त्याच्या वर्गवारीत तळी व दलदली यांच्याबरोबर भूगर्भातील जलप्रणालींनाही स्थान आहे. दिसते तेवढेच पाणी, हा समज त्यामुळे खोटा ठरतो.

बऱ्हाणपूरचा हा ठेवा मात्र क्षीण होत गेला. डोंगरावरील झाडी विरळ झाली, तसे पावसाचे पाणी मुरण्याऐवजी वाहून जाऊ लागले. खाली केळीच्या बागांसाठी कूपनलिका खोल खोल गेल्या. भुयारांच्या भिंतींवर चुन्याचे थर साचून झरे बुजत चालले. मुरणे कमी आणि उपसा अधिक, असा हा हिशेब आहे.

२०२४ साली या भंडाऱ्याचा समावेश जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत झाला. १० मे २०२५ रोजी मध्य प्रदेश व महाराष्ट्र यांनी तापी खोरे महाकाय पुनर्भरण योजनेचा करार केला. सातपुड्याच्या पायथ्याशी दगडगोट्यांचा व वाळूचा जो पाणी शोषणारा पट्टा आहे, त्यात तापीचे पाणी मुरवावयाचे, हा तिचा गाभा आहे. बऱ्हाणपूरप्रमाणेच रावेर-यावलच्या बागाईतदारांचेही हित त्यात गुंतलेले आहे.

तथापि केवळ कराराने पाणी मुरत नाही आणि वारशाच्या पाटीने झरा मोकळा होत नाही. डोंगरावर झाड टिकले पाहिजे, नाल्याचे पाणी थांबले पाहिजे, भुयारातील चुना निघाला पाहिजे आणि उपशाला मर्यादा पडली पाहिजे. रहीमाने पाणी निर्माण केले नव्हते. निसर्गाने साठविलेल्या पाण्याला त्याने वाट करून दिली होती. तो साठाच आटला, तर चारशे वर्षांची ती वाट कोरडीच राहील.