भाऊबंदकी, फ्रॉइड आणि देवासचा रस्ता



मानसशास्त्र हा माझा विषय नव्हे. मी आयुष्यभर मराठी शिकवली, आणि फ्रॉइडकडे वळलो तोही एका मराठी शब्दामुळे. तो शब्द म्हणजे 'भाऊबंदकी'. भाऊबंद असणे एवढाच त्याचा मूळ अर्थ. परंतु व्यवहारात या शब्दाने आपल्याला केवळ भांडणच आठवते. खाडिलकरांनी पेशव्यांच्या घरातील कलहावर १९०९ मध्ये नाटक लिहिले, त्याला हेच नाव दिले. आणि त्याचा अर्थ कोणाही प्रेक्षकाला विचारावा लागला नसेल. नात्याचे नाव तेच वैराचे नाव कसे झाले?

या प्रश्नाचा विचार करायला माळव्यासारखी जागा नाही. मराठ्यांच्या स्वाऱ्यांबरोबर पवार घराण्यातील पुरुष येथे आले व स्थिरावले. त्यांपैकी उदाजी पवार १७३१ मध्ये डभईच्या लढाईत बाजीरावाविरुद्ध, सेनापती दाभाड्यांच्या बाजूने लढले आणि कैद झाले. पुढे धारची सूत्रे त्यांचे धाकटे बंधू आनंदराव यांच्याकडे गेली. म्हणजे तेथे एक भाऊ मागे सरला आणि दुसरा पुढे आला. देवासला तुकोजी आणि जिवाजी या भावांच्या वंशात मात्र कोणीच मागे सरले नाही. थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन राज्ये एकाच गावात नांदू लागली. १८१८ मध्ये इंग्रजांशी तह झाला तो दोघांचा मिळून. पण वाटणी पुढे इतकी बारीक झाली की मुख्य रस्त्याची एक बाजू एका राज्यात आणि समोरची दुसऱ्या राज्यात! पाण्याची आणि दिवाबत्तीची व्यवस्थाही दोन्हीकडची निरनिराळी. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर १९२१ मध्ये थोरल्या पातीचे महाराज तुकोजीराव तिसरे यांचे खाजगी चिटणीस होते. त्या दिवसांवरचे त्यांचे पुस्तक १९५३ मध्ये निघाले, आणि देवीच्या टेकडीचे नाव त्यांनी त्याला दिले. त्या टेकडीवर बडी माता आणि छोटी माता अशी दोन स्थाने आहेत. त्या दोघी बहिणी, आणि त्यांचेही एकदा बिनसले होते, असे तेथील लोक सांगतात. माणसांनी आपली भाऊबंदकी देवांच्याही घरी पोचवली, दुसरे काय!

फ्रॉइडने अशा वैराला एक नाव दिले आहे. मराठीत मी त्याला 'किरकोळ भेदांची आत्मप्रीती' म्हणेन. १९३० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या संस्कृतिविषयक ग्रंथात तो स्पॅनिश आणि पोर्तुगीज, इंग्रज आणि स्कॉट अशी उदाहरणे देतो. शेजारी राहणारे, जवळजवळ सारखे असणारे समाजच एकमेकांची सर्वाधिक टवाळी करतात. सारखेपणामुळे 'मी' पुसला जाईल अशी भीती वाटते, म्हणून उरलेला लहानसा भेद माणूस जिवापाड जपतो. आणि पलीकडच्यांना नावे ठेवली की अलीकडचे आपोआप एक होतात. आक्रमकतेला मिळालेली ही बऱ्यापैकी निरुपद्रवी वाट आहे, असे त्याचे म्हणणे.

आमच्या घरी हे सिद्ध करायला ग्रंथाची गरज नव्हती. आमचे घर थोरल्या पातीतले, आणि आजोबांच्या चुलतभावाचे बिऱ्हाड रस्त्यापलीकडे, धाकट्या पातीत. कुलदैवत एक, आडनाव एक, बोलीही एक. तरी आजी 'तिकडची माणसे' असे म्हणे, तेव्हा ती पंधरा पावलांवरच्या माणसांविषयी बोलत आहे असे कोणाला वाटले नसते. तिकडचे पुरण तिला पातळ वाटे आणि तिकडचे पाणी मचूळ. दोन्ही पात्या १९४८ मध्ये मध्य भारतात विलीन झाल्या. आजीच्या तोंडून मी हे ऐकले ते त्यानंतर आठ-दहा वर्षांनी. आपल्या पोटजातींचा, कोकणस्थ-देशस्थांचा, गावोगावच्या वरच्या आणि खालच्या आळीचा व्यवहार याहून वेगळा नाही.

येथपर्यंत फ्रॉइडचे बोट धरून चालता येते. पुढे मला संकोच वाटतो. भारतीयांनी त्याच्याशी मतभेद दाखवावा यात नवीन काही नाही; १९२२ मध्ये कलकत्त्यास भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापन करणाऱ्या गिरींद्रशेखर बोस यांनी पत्रांतून आपले वेगळे मत त्याला कळवले होते. माझी अडचण 'किरकोळ' या शब्दाची आहे. भेद किरकोळ की मोठा, हे ठरवणारा कोण? देवासच्या रस्त्यावर दोन प्रकारचे पाणी होते, ही आम्हांला गंमत वाटते. पण २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. आंबेडकर आणि त्यांचे अनुयायी ओंजळभर पाणी प्यायले, तेव्हा काय घडले ते आपण जाणतो. तेथील वैर सारख्या माणसांचे नव्हते. उतरंडीत वर बसलेल्यांचे होते. त्याला भाऊबंदकी म्हणता येत नाही, कारण भाऊ म्हणूनच तेथे कोणी कोणाला मानले नव्हते. आज जातीय तणावांना 'जुनी भांडणे' म्हणून मिटवू पाहणारे सुशिक्षित लोक हा फरक विसरतात. मीही पुष्कळ वर्षे विसरलो होतो.

आमचे अंगण झाडायला एक बाई येत असे. तिचे नाव मला ठाऊक नाही. ते विचारावे असे त्या वयात सुचले नाही आणि पुढे विचारायला कोणी उरले नाही. उन्हाळ्यात ती पाणी मागे, तेव्हा आजी पायरीवर उभी राहून, तांब्या उंच धरून तिच्या ओंजळीत धार सोडी. मग ती बाई रस्ता ओलांडून पलीकडच्या चुलत आजीकडे जाई. तिकडचे पुरण पातळ होते, पाणी मचूळ होते. पण तांब्या तेथेही तेवढाच उंच धरला जाई.