बालविकासाच्या अभ्यासकांना संस्था का लागते?

रसायनशास्त्रातल्या एखाद्या प्रयोगाचा निकाल त्याच दिवशी हाती येऊ शकतो. गव्हाचे नवे वाण पारखायला काही हंगाम लागतात. माणसाच्या मुलाची वाढ समजून घ्यायची तर मात्र वीस-पंचवीस वर्षे वाट पाहावी लागते. शिवाय ही वाढ कोणत्याही एका शास्त्राच्या कुंपणात मावत नाही. वजन-उंची डॉक्टर पाहतो, खाणेपिणे आहारतज्ज्ञ, बोलणे-विचार करणे मानसशास्त्रज्ञ आणि रोजचे वागणे शिक्षक. अशा विषयात एकट्यादुकट्या संशोधकाचा निभाव लागणे कठीण. अभ्यासकांनी एकत्र येऊन संस्था उभारली की काय साधते, हे अमेरिकेतल्या एका उदाहरणावरून पाहू.

संस्थेचा जन्म

आयोवा राज्यात १९१७ साली विद्यापीठाला जोडून बालकल्याण संशोधन केंद्र निघाले. पुढच्या दशकात लॉरा स्पेलमन रॉकफेलर निधीच्या मदतीने मिनेसोटा, बर्कली अशा ठिकाणीही केंद्रे उभी राहिली. केंद्रे वाढली, पण ती एकमेकांपासून शेकडो मैल दूर. डॉक्टरांचे लेख वैद्यकीय नियतकालिकांत येत, मानसशास्त्रज्ञांचे त्यांच्या नियतकालिकांत. एकाचे काम दुसऱ्याच्या नजरेस पडणे हा योगायोगच.

ही अडचण ओळखून तिथल्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने बालविकास समिती नेमली. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट वुडवर्थ यांनी तिचे अध्यक्षपद सांभाळले. १९२७ पासून निरनिराळ्या शास्त्रांतील बालविषयक लेखांचे सारांश एकत्र छापले जाऊ लागले. १९३० साली ‘चाइल्ड डेव्हलपमेंट’ हे नियतकालिक सुरू झाले आणि १९३३ साली ‘सोसायटी फॉर रिसर्च इन चाइल्ड डेव्हलपमेंट’ ही स्वतंत्र संस्था स्थापन झाली. सभासदत्व एका शास्त्रापुरते मर्यादित नव्हते, हे तिचे वैशिष्ट्य. लवकरच दीर्घ शोधनिबंधांची एक मालिकाही संस्थेने सुरू केली. या मालिकेचे मोल पुढील हकिकतीवरून कळेल.

पंचवीस मुलांची गोष्ट

१९३० च्या दशकात आयोवातील अनाथाश्रमात मुलांची दाटी होती आणि सांभाळणारी माणसे थोडी. तान्ही मुले बहुतेक वेळ पाळण्यातच पडून असत. त्यांतल्या दोन मुली अगदीच मंद दिसल्या, म्हणून त्यांना प्रौढ मतिमंद स्त्रियांच्या संस्थेत हलवले गेले. काही महिन्यांनी मानसशास्त्रज्ञ हॅरल्ड स्कील्स तिथे गेले, तेव्हा त्यांना त्या मुली हसताखेळताना दिसल्या. तिथल्या स्त्रियांनी त्यांना मायेने सांभाळले होते.

यावरून तीन वर्षांखालची एकूण १३ मुले अशा संस्थेत पाठवण्यात आली. त्यांचा सरासरी बुद्ध्यंक सुमारे ६४ होता, तो सुमारे २८ अंकांनी वाढला. अनाथाश्रमातच राहिलेल्या १२ मुलांचा सरासरी बुद्ध्यंक सुरुवातीला सुमारे ८७ होता. तो सुमारे २६ अंकांनी घसरला. स्कील्स आणि त्यांचे सहकारी हॅरल्ड डाय यांनी हे निष्कर्ष १९३९ साली प्रसिद्ध केले.

त्यावर टीकेची झोड उठली. बुद्धी जन्मतःच ठरते, असे मानणाऱ्यांचा तेव्हा जोर होता. लुइस टर्मन, फ्लॉरेन्स गुडइनफ, क्विन मॅकनेमार अशी मोठी नावे विरोधात होती. मुलांची संख्या थोडी, तान्ह्या मुलांच्या चाचण्या बेभरवशाच्या, हे त्यांचे आक्षेप निराधार नव्हते. मग महायुद्ध आले आणि विषय मागे पडला.

सुमारे वीस वर्षांनी स्कील्स यांनी त्या पंचवीसही मुलांचा शोध घेतला. हलवलेल्या १३ पैकी ११ मुले दत्तक गेली होती. तेराही जण स्वतःच्या पायांवर उभे होते आणि त्यांचे शिक्षण मध्यमानाने बारावीपर्यंत झाले होते. दुसऱ्या गटाची मजल तिसरीच्याही पुढे नव्हती. त्यांतला एक किशोरवयातच मरण पावला होता आणि चौघे अजून संस्थांमध्येच होते. हा वृत्तांत १९६६ साली सोसायटीच्या दीर्घ निबंधमालिकेत प्रसिद्ध झाला. बालपणीच्या संगोपनावर बोलताना आजही त्याचा दाखला दिला जातो.

सभासदाला काय मिळते?

स्कील्स यांच्यावर टीका करणाऱ्या गुडइनफ १९४६-४७ मध्ये याच सोसायटीच्या अध्यक्ष होत्या. तरीही त्यांना न पटलेल्या कामाचा पुढचा भाग सोसायटीच्याच मालिकेत छापला गेला. चांगल्या संस्थेत मतभेद असलेली माणसे एका छपराखाली राहतात. त्यामुळे आपले काम कसोटीला लागते, आणि खरे असेल तर ते उशिरा का होईना, वाचले जाते.

दुसरा लाभ स्मरणाचा. संशोधक नोकरी बदलतो, निधी आटतो, युद्ध येते. नियतकालिके आणि मालिका टिकल्या, तर अर्धवट राहिलेला धागा कोणीतरी पुन्हा उचलू शकतो. तिसरा लाभ नीतिनियमांचा. अनाथाश्रमात राहिलेल्या १२ मुलांचे काय, हा प्रश्न आपल्याला आज अस्वस्थ करतो. मुलांवरील संशोधनात काय चालेल आणि काय नाही, हे एकट्याने ठरवण्यापेक्षा सर्वांनी मिळून ठरवलेले बरे. अशी नीतितत्त्वे सोसायटीने पुढे तयार केली.

आपल्याकडेही ही जाणीव नवी नाही. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला, आणि संघाच्या जोडीला ‘शिक्षण पत्रिका’ चालवली. बोर्डीला १९४५ साली ताराबाईंनी खेड्यातल्या मुलांसाठी काम सुरू केले, तेव्हा त्यांच्या पाठीशी या सामूहिक विचाराची शिदोरी होती.

शिक्षकाला मूल वर्षातून दोनशेहून अधिक दिवस दिसते. इतका सहवास कोणत्याही संशोधकाला लाभत नाही. पण ती निरीक्षणे बहुधा वहीतच राहतात आणि बदली झाली की वहीही हरवते. तालुक्यातल्या दहा शिक्षकांनी मंडळ काढावे, महिन्यातून एकदा नोंदी एकमेकांना वाचून दाखवाव्यात, शंका विचाराव्यात आणि वर्षाअखेर त्या एकत्र बांधून शाळेच्या ग्रंथालयात ठेवाव्यात. १९३३ साली स्थापन झालेल्या त्या सोसायटीची सुरुवातही, विखुरलेल्या नोंदी एका जागी आणण्याच्या अशाच साध्या कामातून झाली होती.