क्युरारे विष व शस्त्रक्रिया

शस्त्रक्रियेच्या वेळीं रोग्याचे स्नायू शिथिल करणाऱ्या औषधांचा आरंभ ता. २३ जानेवारी १९४२ पासून धरण्याचा प्रघात पडला आहे. त्या दिवशीं कॅनडांत माँट्रियल येथें हॅरल्ड ग्रिफिथ व एनिड जॉन्सन यांनीं आंत्रपुच्छाच्या शस्त्रक्रियेंत क्युरारेचा अर्क योजिला. परंतु १९१२ सालींच जर्मनींत आर्थर लॅवेन यानें तोच उपाय केला होता; आणि आमच्या मतें या इतिहासाचें मूळ त्याहूनही फार मागें आहे.

दक्षिण अमेरिकेंतील गियानाच्या अरण्यांत माकुशी लोक वेलींच्या सालीपासून हें विष शिजवून बाणांस माखीत. चार्ल्स वॉटर्टन हा इंग्रज प्रवासी १८१२ सालीं तेथें गेला व तें घेऊन आला. १८१४ त लंडन येथें तें एका गाढवीस टोंचलें. दहा मिनिटांत ती मेल्यासारखी पडली. मग श्वासनलिकेस छेद घेऊन भात्यानें फुप्फुसांत वारा भरूं लागले. दोन तासांनीं तिनें मान उचलली. भाता थांबवितांच ती पुन्हां कोसळली. आणखी दोन तास वारा भरल्यावर मात्र ती उठून चालूं लागली, व पुढें १८३९ पर्यंत जगली. ही कथा मोठी रंजक खरी. तथापि कृत्रिम श्वासानें विषबाधित प्राण्याचें हृदय चालू राहतें, हें बेंजामिन ब्रॉडी यानें १८११ तच प्रसिद्ध केलें होतें, हें विसरतां कामा नये.

श्वास राखला तर प्राण राहतो, हें कळलें. पण शुद्धीचें काय? क्लोद बर्नार यानें एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास बेडकांवर प्रयोग करून दाखविलें कीं, या विषानें मज्जातंतूची आज्ञा स्नायूस पोंचत नाहीं, स्नायू स्वतः निकामी होत नाहीं, आणि संवेदना तर शाबूत राहते. म्हणजे निश्चल पडलेला रोगी वेदना भोगीत असूं शकतो! इतका स्पष्ट इशारा असतांही हें औषध गुंगी आणतें, असा समज १९४० नंतरही कांहीं वैद्यांत होता. अखेर अमेरिकेंतील स्कॉट स्मिथ या डॉक्टरानें स्वतःच्या शरीरांत तें टोंचून घेतलें. श्वासासह सर्व हालचाल बंद पडली. दुसऱ्यांनीं त्याचा श्वास चालविला. हालचाल परत येतांच त्या अवधींत आपणांस काय केलें, तें त्यानें सांगितलें. तो वृत्तान्त १९४७ सालीं छापून निघाला.