पणती कोणाच्या हातची?

परोपकारासाठी शोभेची वस्तू विकावयाची, या चालीचा एक ठळक आरंभ १९०४ साली डेन्मार्कमध्ये दिसतो. आयनार होल्बोल नामक टपाल कारकुनाच्या सूचनेवरून तेथे क्षयी मुलांच्या मदतीसाठी नाताळचे शोभातिकीट निघाले. त्याने टपालहशील भागत नसे. पाकिटाची शोभा वाढावी आणि एक लहानसे नाणे सत्कार्यास लागावे, इतकाच हेतू. त्यावर चित्र होते लुईझ राणीचे. पुढे १९३४ साली अमेरिकेत अपंग मुलांसाठी झटणाऱ्या एका संस्थेने ईस्टरच्या सणास अशीच तिकिटे काढली. ती डॉनाही या वृत्तपत्रीय व्यंगचित्रकाराने रेखाटली. राणीच्या जागी मूल हा विषय आला. कुंचला मात्र मोठ्यांच्याच हाती राहिला. १९४९ साली तो मुलाच्या हाती गेला. चेकोस्लोव्हाकियातील सात वर्षांच्या एका मुलीने युनिसेफच्या मदतीबद्दल कृतज्ञतेने काढलेले चित्र हेच त्या संस्थेचे पहिले शुभेच्छापत्र ठरले.

आपल्याकडे या कार्याचा पाया मुंबईत घातला गेला. स्वतःच्या मुलीस पोलिओ झाल्याचे दुःख भोगलेल्या फातिमा इस्माईल यांनी १९४७ साली अशा मुलांसाठी उपचारकेंद्र उभारले. त्या काळी असली कार्ये मुख्यतः उदार गृहस्थांच्या देणग्यांवर चालत. खाडीपलीकडे नवी मुंबई महानगरपालिका १९९२ साली अस्तित्वात आली आणि २००७ साली तिने वाशी येथे विशेष मुलांसाठी ईटीसी हे शिक्षण व प्रशिक्षण केंद्र सुरू केले. दिवाळीपूर्वी तेथील मुले पणत्या रंगवितात. कडेने सारख्या अंतरावर ठिपके देत जाणे हे काम दिसावयास सोपे. परंतु ज्या बोटांना कुंचला धरणे हेच कष्टाचे, त्यांस त्यासाठी किती सराव करावा लागत असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी.

या पणतीचे वैशिष्ट्य केवळ तिच्या रंगात नाही. हे केंद्र महानगरपालिकेचे, म्हणजे नागरिकांनी भरलेल्या करांवर चालणारे आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने अपंगत्वाचे २१ प्रकार मान्य केले आणि ठरावीक प्रमाणात अपंगत्व असलेल्या ६ ते १८ वयाच्या मुलांस मोफत शिक्षणाचा हक्क दिला. जेथे शाळा विक्रीच्या पैशांवर तगते, तेथे मुलाचे शिक्षण गिऱ्हाइकाच्या लहरीवर अवलंबून राहते, आणि मग वस्तूच्या गुणाहून मुलाच्या व्यंगाचीच जाहिरात अधिक करावी लागते. शिक्षणाचा भार समाजाने कर्तव्य म्हणून उचलला, की पणतीस याचना करण्याचे कारण उरत नाही. ती एका शिकणाऱ्या हाताचे काम म्हणून बाजारात उभी राहू शकते.

म्हणून घेणाऱ्यानेही ती तशीच पारखावी. रंग नीट बसला आहे का, काठ सुबक आहे का, हे पाहावे. आवडली तर योग्य मोल देऊन घ्यावी, आणि शेजाऱ्याने विचारले असता आधी तिची नक्षी दाखवावी, करणाऱ्याची व्यथा नव्हे.